ट्रॅक्टरवर चालणारा जनरेटर घरासाठी घ्यायचाय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर गावठाणात नाही, मळ्यात आहे. वस्तीवरच्या बहुतेक घरांसारखी आमचीही लाईन शेतीच्या फीडरवरून येते. थ्री फेज आठ तास, कधी दिवसा तर कधी रात्री. वळवाच्या पावसात एखादा खांब आडवा झाला की आधी गावठाणाचं काम होतं, मग मळ्यांचं. गोठ्यात आठ गाई आणि धारा काढायचं मशीन आहे. ट्रॅक्टर दारातच उभा असतो, म्हणून त्याच्यावर चालणारा जनरेटर घेतला. तेव्हापासून आजूबाजूच्या वस्त्यांवरून लोक विचारायला येतात. त्यांचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे मांडली आहेत. काही चुका आम्ही स्वतः केल्या, त्याही लिहिल्या आहेत.

हा जनरेटर म्हणजे नेमकं काय?

याला स्वतःचं इंजिन नसतं. लोखंडी फ्रेमवर अल्टरनेटर बसवलेला असतो. गावात त्याला डायनामोही म्हणतात. रोटाव्हेटर जोडतो तसा तो ट्रॅक्टरच्या मागच्या पीटीओला, म्हणजे अवजारं फिरवणाऱ्या दांड्याला, शाफ्टने जोडायचा. पीटीओ मिनिटाला 540 फेरे फिरतो आणि चार पोलच्या अल्टरनेटरला 1500 फेरे लागतात. म्हणून मध्ये पट्ट्याच्या पुल्या किंवा गिअरबॉक्स असतो, जो वेग साधारण पावणेतीन पट करतो. एवढंच यंत्र आहे. त्यामुळे बिघडण्यासारखं त्यात कमी असतं.

मग वेगळा डिझेल जनरेटरच का नको?

तोच घेणं परवडत असेल आणि वीज महिन्यातून दहा-पंधरा वेळा जात असेल, तर वेगळाच घ्या. ट्रॅक्टरचा जनरेटर स्वस्त पडतो, कारण इंजिनाचे पैसे तुम्ही आधीच मोजलेले असतात. शिवाय वर्षभर पडून राहणाऱ्या दुसऱ्या इंजिनाची बॅटरी, तेल, फिल्टर सांभाळावं लागत नाही.

पण घेण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: वीज जाते तेव्हा ट्रॅक्टर घरी असतो का? ऊसतोडीच्या हंगामात तुमचा ट्रॅक्टर कारखान्याच्या रांगेत उभा असेल किंवा पेरणीला भाड्याने जात असेल, तर नेमक्या वेळी जनरेटर नुसता शोभेला उरतो. वादळानंतर तर पडलेली झाडं ओढायला आणि पाण्याची टाकी आणायलाही ट्रॅक्टरच लागतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे अंधारात काढावे लागले. इतक्या लांबच्या खंडात ट्रॅक्टरचे तास घर, गोठा आणि शेत यांच्यात वाटून घ्यावे लागतात. ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन चालतं किंवा बंद शेडमध्ये कोंबड्या आहेत, त्यांनी केवळ ट्रॅक्टरवर अवलंबून राहू नये. पंखे थांबले तर बंद शेडमधले पक्षी तुम्ही शाफ्ट जोडेपर्यंत थांबत नाहीत.

किती केव्हीएचा घ्यावा?

केव्हीए म्हणजे जनरेटरच्या ताकदीचं माप. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. लोक ट्रॅक्टर बघून ठरवतात: पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर आहे, मग पंचवीस केव्हीए घेऊन टाकू. ठरवायचं असतं ते घरातल्या सगळ्यात मोठ्या मोटरीवरून, आणि तेही ती मोटर सुरू होतानाच्या धक्क्यावरून.

कागदावर मांडून बघा. चार पंखे 300 वॅट. दहा एलईडी बल्ब 100 वॅट. फ्रिज 200 वॅट धरा. टीव्ही आणि मोबाईल मिळून आणखी 150. हे सगळं एक किलोवॅटच्या आत बसतं. घराची गरज इतकी लहान असते, यावर आधी माझाही विश्वास बसला नव्हता. खरं ओझं असतं मोटरींचं. पाण्याची एक एचपीची मोटर, धारा काढायच्या मशीनची एक एचपीची, कडबाकुट्टीची दोन एचपीची. मोटर सुरू होताना क्षणभर तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट ओढते. दोन एचपीची सिंगल फेज कुट्टी चालताना 10-11 अँपिअर घेते, पण सुरू होताना पन्नास-साठ. पाच केव्हीएचा सिंगल फेज अल्टरनेटर साधारण 22 अँपिअरचा असतो. तो थोडा वेळ जास्तीचा धक्का सोसतो, पण तेव्हा व्होल्टेज इतकं बसतं की बल्ब मिणमिणतो आणि फ्रिज नुसता गुरगुरतो.

आमचं तसंच झालं. पहिल्यांदा विक्रेत्याच्या सांगण्यावरून पाच केव्हीएचा आणला. कुट्टीचं बटण दाबलं की ट्रॅक्टर हुंकार द्यायचा, घरातले दिवे पिवळे पडायचे आणि कुट्टी फिरायच्या ऐवजी नुसती थरथरायची. चौथ्या दिवशी तिचा कपॅसिटर फुगला. शेवटी साडेसातचा घेतला.

माझं मोजमाप असं आहे. घर आणि एक एचपीपर्यंतची मोटर असेल तर पाच केव्हीए. दोन एचपीची कुट्टी असेल तर साडेसात. पाच एचपीची थ्री फेज विहिरीची मोटर साध्या स्टार्टरवर चालवायची असेल तर पंधरा. मोटरी एकदम सुरू करायच्या नाहीत. आधी सगळ्यात मोठी, ती लागली की पुढची, आणि घराचा लोड शेवटी.

त्यासाठी ट्रॅक्टर किती एचपीचा लागतो?

किलोवॅटमागे पीटीओवर दोन ते अडीच एचपी धरा. साडेसात केव्हीए म्हणजे (0.8 ने गुणून) सहा किलोवॅट, म्हणजे 12 ते 15 एचपी. हे काम लहान ट्रॅक्टरही करतो. पंधरा केव्हीए म्हणजे बारा किलोवॅट, त्याला 24 ते 30 लागतात. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. पीटीओला त्याहून कमी ताकद मिळते, ती माहितीपुस्तकात वेगळी दिलेली असते. ती बघा.

सिंगल फेज घ्यावा की थ्री फेज?

घरापुरता हवा असेल तर सिंगल फेज. हे मी ठामपणे सांगते.

लोकांना वाटतं थ्री फेज घेतला म्हणजे दोन्ही कामं होतील. होतात, पण हिशोब समजून घ्या. दहा केव्हीएचा थ्री फेज अल्टरनेटर एका फेजवर जेमतेम 14 अँपिअर देतो. अख्खं घर एकाच फेजवर टाकलं तर हातात येतात सव्वातीन केव्हीए. उरलेले दोन फेज रिकामे फिरतात, एका बाजूचं वाइंडिंग तापतं आणि व्होल्टेजही फेजाफेजांत कमी-जास्त होतं. विहिरीची मोटर खरोखरच चालवायची असेल तरच थ्री फेज घ्या, आणि मग घराचा लोड तिन्ही फेजवर वाटून घ्या.

पट्ट्याचा की गिअरबॉक्सचा?

पट्टा स्वस्त. तुटला तर तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतो. मोटरीचा धक्का बसला की तो जरासा घसरतो, त्यामुळे शाफ्ट आणि पीटीओवरचा ताण कमी होतो. पण सैल झाला की सतत घसरतो, तापतो, आणि व्होल्टेज नाचू लागतं. गिअरबॉक्स महाग, पण वेग पक्का. त्याचं तेल तेवढं बघावं लागतं. आमच्याकडे पट्ट्याचा आहे आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. दोन पट्टे असले तर दोन्ही एकदम बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला तर सगळं ओझं नव्यावर येतं.

रेस किती ठेवायची?

विजेची फ्रिक्वेन्सी सरळ रेसवर ठरते. पीटीओ 540 वर असेल तर 50 हर्ट्झ. 500 वर आला की 46. रेस कमी असली की मोटरी तापतात, जास्त झाली की व्होल्टेज चढण्याची भीती. 540 साठी इंजिनाचा वेग किती हवा हे ट्रॅक्टरनुसार बदलतं. मीटरवर त्याची खूण असते.

पॅनेलवर व्होल्ट मीटरसोबत हर्ट्झ मीटर असलाच पाहिजे. नसेल तर बसवून घ्या, त्याला फार खर्च येत नाही. लोड नसताना हाताच्या रेसने 51 ते 52 हर्ट्झवर लावा. लोड आला की इंजिन थोडं बसतं आणि आकडा पन्नासच्या आसपास येतो. व्होल्टेज सांभाळायचं काम एव्हीआर नावाची छोटी पेटी करते, पण चुकलेली रेस ती दुरुस्त करत नाही. ट्रॅक्टरला इकॉनॉमी पीटीओ असेल तर घरगुती लोडसाठी तोच लावा. कमी रेसवर 540 मिळतात आणि डिझेल वाचतं.

मेन स्विच बंद केला की झालं ना? चेंजओव्हर कशाला?

नाही, झालं नाही. बाकीचं काही वाचलं नाही तरी चालेल, हे मात्र वाचा.

जनरेटर आणला त्या संध्याकाळी आमच्याकडे चेंजओव्हर नव्हता. दिरांनी दोन टोकांना पिना लावलेली वायर केली आणि पडवीतल्या सॉकेटमध्ये खोचली. मेन बंद करायचा राहून गेला. घरात उजेड झाला, पोरं ओरडली. मी धारेची बादली घेऊन अंगणात आले आणि समोर बघितलं, तर ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा बल्बही लागला होता. पुढे कुठेतरी तार तुटली होती. त्या तुटलेल्या जागेपर्यंतच्या सगळ्या तारांत आमच्या ट्रॅक्टरची वीज गेली होती. मी तिथूनच ओरडून ट्रॅक्टर बंद करायला लावला. तेव्हा खांबावर कोणी चढलं असतं तर? आजही तो बल्ब आठवला की पोटात गोळा येतो.

आपण फक्त 230 व्होल्ट सोडतो, असं समजू नका. डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, उलटाही चालतो. एरवी तो 11,000 व्होल्ट घेऊन आपल्याला 415 देतो. आपण आपल्या बाजूने वीज घातली तर तो ती चढवून वरच्या तारांत हजारो व्होल्ट पाठवतो. वरची लाईन बंद करून वायरमन निर्धास्तपणे खांबावर चढलेला असतो. त्याला मारायला आपलं विसरलेलं एक बटण पुरतं. त्यात मध्येच लाईट आली तर अल्टरनेटरही जळतो.

चेंजओव्हर म्हणजे असा स्विच, ज्याचा दांडा एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकतो, लाईनकडे किंवा जनरेटरकडे. विसरायला जागाच राहत नाही. सिंगल फेजसाठी दोन पोलचा आणि थ्री फेजसाठी चार पोलचा घ्या, म्हणजे न्यूट्रलही तुटतो. तो मीटर आणि मेनच्या पुढे, घराच्या वाटपाच्या आधी बसतो. परवानाधारक ठेकेदाराकडूनच बसवून घ्या, आणि महावितरणच्या शाखा कार्यालयाला व आपल्या भागाच्या वायरमनलाही जनरेटर असल्याचं सांगून ठेवा. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घरात असेल तर ती आज कापून टाका.

अर्थिंग वेगळं लागतं का?

लागतं. ट्रॅक्टर रबरी टायरवर उभा असतो, त्याचा जमिनीशी संबंध नसतो. फ्रेमला जाड तारेने जोडलेली अर्थिंग हवी. जनरेटर ठेवायच्या जागेजवळ एक कायमचा अर्थिंगचा खड्डा करून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असेल, तर जनरेटरवर असतानाही तो काम करतो का हे वायरमनकडून तपासून घ्या. अल्टरनेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल तर गळती होऊनही तो पडत नाही. गोठ्यात ओली जमीन असते. गाईला तर माणसापेक्षाही कमी विजेचा धक्का बाधतो.

डिझेल किती जातं?

आम्ही टाकी काठोकाठ भरून, चालवून, पुन्हा भरून मोजलं. ट्रॅक्टर 42 एचपीचा. नुसतं घर चालवलं तर तासाला दोन लिटरच्या आसपास. कुट्टी, पाणी आणि धारा सगळं ओळीने चालवलं तर तीनच्या आसपास. म्हणजे लोड सहापट झाला तरी डिझेल दीडपटच. बरंचसं डिझेल ट्रॅक्टर स्वतःला फिरवण्यातच घालवतो.

यातून आम्ही वापरायची रीत ठरवली. चार पंख्यांसाठी रात्रभर ट्रॅक्टर लावायचा नाही. डिझेल नव्वद रुपये धरलं तर त्या एका तासाला 180 रुपये पडतात. रात्रीसाठी इन्व्हर्टर. ट्रॅक्टर सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास लावायचा. त्यात धारा, वैरण, टाकी भरणं, फ्रिज गार करणं, मिक्सर आणि इस्त्री उरकायची. फ्रिज उगाच उघडला नाही तर मधल्या वेळात गार राहतो.

दोन तासांत इन्व्हर्टरची बॅटरी भरते का?

भरत नाही. 150 अँपिअर-तासांची रिकामी बॅटरी घरगुती इन्व्हर्टरवर भरायला दहा-बारा तास लागतात, कारण त्याचा चार्जरच हळू असतो. सकाळ-संध्याकाळ मिळून चार तास चालवलं तर तिसरा हिस्सा भरते, तो दोन पंखे आणि दिव्यांना रात्रीचा काही वेळ पुरतो. काही इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेतच नाहीत, टकटक आवाज करत परत बॅटरीवर जातात. अशा वेळी आधी हर्ट्झ तपासा. इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असेल तर ते नॉर्मलवर टाका.

छपरावर सोलर आहे. चालेल का?

लाईनला जोडलेलं, नेट मीटरचं सोलर असेल तर ते जनरेटरच्या बाजूला येता कामा नये. त्याचा इन्व्हर्टर जनरेटरलाच लाईन समजून वीज ढकलू लागतो, आणि घरात लोड कमी असला तर ती वीज उलटी अल्टरनेटरवर येते. सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या आधी, लाईनकडच्या बाजूलाच ठेवायला सांगा.

शाफ्टची एवढी भीती का घालता?

कारण 540 फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक शाफ्टच्या सांध्यात, म्हणजे क्रॉसमध्ये, अडकलं तर तुम्ही ओरडायच्या आत नऊ वेढे पडलेले असतात. पदर, ओढणी, उपरणं, लुंगी, मफलर, मोकळे केस, काहीही. मळणीच्या दिवसांत अशी माणसं गेलेली प्रत्येक गावाला माहीत आहेत. शेतात शाफ्टजवळ एक-दोन माणसं असतात. इथे तो अंगणात फिरणार आहे, जिथे पोरं खेळतात, म्हातारी माणसं अंधारात चालतात, आणि वीज नाही म्हणून सगळेच बाहेर येऊन बसलेले असतात.

शाफ्टवर प्लास्टिकचं पूर्ण आवरण हवं आणि त्याची साखळी बांधलेली हवी. आवरण फुटलं असेल तर नवीन येईपर्यंत जनरेटर लावायचा नाही. आम्ही शाफ्टच्या दोन्ही बाजूंना बांबूचे आडवे अडसर ठेवतो. फिरता शाफ्ट कोणीही ओलांडायचा नाही, घाई असली तरी ट्रॅक्टरला वळसा घालून जायचं. सासूबाईंनी तर नियमच केलाय: जनरेटर चालू असेपर्यंत नातवंडं पडवीच्या पायरीखाली उतरणार नाहीत. ट्रॅक्टर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगडाची उटी. तीन पॉइंटवर लटकवलेला जनरेटर तसाच हवेत चालवू नका, जमिनीवर टेकवा.

ट्रॅक्टर कुठे उभा करायचा?

उघड्यावर, खिडक्या-दारांपासून लांब, धूर घराकडे येणार नाही अशा बाजूला. पावसात लोक तो पडवीत किंवा गोठ्यात घेतात, तसं करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेत माणूस जातो. जनरेटरवर वरून पत्रा हवा, बाजू मोकळ्या. आणि तिथून जवळ वैरणीची गंजी नको. कडब्याचा भुसा रेडिएटरच्या जाळीत बसतो आणि उभा ट्रॅक्टर तापतो, म्हणून दर वेळी जाळी झाडा.

केबल कुठली?

जनरेटर घरापासून शंभर फुटांवर असेल आणि 20 अँपिअर न्यायचे असतील, तर चार स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये पाचेक व्होल्ट जातात. हे चालतं. त्याच मापाच्या ॲल्युमिनियममध्ये आठ-नऊ जातात. पाणबुडी मोटरीची जुनी जोड दिलेली वायर वापरू नका.

जुना घ्यावा का?

घ्यायला हरकत नाही, पण चालवून दाखवला तरच. बेअरिंगचा आवाज ऐका. इस्त्री आणि हीटर लावून अर्धा तास चालवा आणि अंगाला हात लावून बघा. वायरमनला सोबत नेऊन मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावा, एक मेगाओमपेक्षा कमी दाखवलं तर सोडून द्या. वाइंडिंग नव्याने भरलंय का आणि कोणत्या तारेने, हे सरळ विचारा. नेमप्लेट नसलेला घेऊ नका. प्लेटवर केव्हीएपेक्षा अँपिअरचा आकडा वाचा: सिंगल फेजचा साडेसात असेल तर 32 च्या आसपास हवा.

बंद करताना काही क्रम असतो का?

असतो. आधी एमसीबी पाडायचा, मग रेस कमी करायची, मग पीटीओ सोडायचा, इंजिन शेवटी. लोड चालू ठेवून रेस कमी केली तर व्होल्टेज हळूहळू बसतं आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर त्यात अडकून जळू शकतो, एव्हीआरही जाऊ शकतो. डिझेल संपून ट्रॅक्टर आपोआप बंद पडतो तेव्हा नेमकं हेच होतं. म्हणून पाव टाकी राहिली की थांबवा.

सहा महिने पडून होता. फिरतो, पण वीजच देत नाही.

आतलं चुंबकत्व उतरलेलं असतं. वायरमन 12 व्होल्टच्या बॅटरीने ते क्षणात परत आणतो, ते स्वतः करायला जाऊ नका. आधी उंदरांनी वायर कुरतडली नाही ना तेही बघा, आमच्याकडे एकदा तसंच निघालं होतं. असं होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा अर्धा तास लोड टाकून चालवायचा. आम्ही अमावास्या धरली आहे. त्या दिवशी बैलांना आणि माणसांना सुट्टी असते, ट्रॅक्टर घरीच असतो, आणि कुट्टीला वैरण लागतेच.